उघाडी

बर्फाच्या कारखान्यात माझी रात्रपाळी.
लाद्या गोठेपर्यंत हाताला काम नाही,
म्हणून मोबाइलवर मुबीनशी डाव.
तो सलालाच्या बंदरात क्रेनवर, मी हर्णैत.
दिवसाला एक चाल त्याची, एक माझी.
चार महिने झाले, युद्ध अजून
नकाशातल्या नदीच्या अलीकडेच.

पहिल्या डावात मी अडाण्यासारखा तट बांधला.
सलग. सहा कोनांची घरं एकाला एक चिकटून,
फट म्हणून नाही.
सगळं सोनं दगडात गेलं,
मागे उभा करायला शिपाई उरला नाही.
मुबीनने घाई केली नाही.
तीन चाली नुसता बसून राहिला,
चौथीला दगडफेकी यंत्रं आणली,
आणि माझा बाण पोचत नाही त्या घरातून
एकच कोपरा फोडत राहिला.
खाली लिहिलं: भिंत मारत नाही रे,
भिंत फक्त उशीर करते.

उशीर.
दगड देऊन आपण तेवढंच विकत घेतो.
मग त्या उशिरात काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.

दुसऱ्या डावात बुरुज कळला.
दोन घरांपर्यंत त्याचा बाण जातो,
पण चिकटून उभा राहील त्याला काही करता येत नाही,
स्वतःच्या पायाशी आंधळा.
म्हणून दुसरा बुरुज, तिरका, दोन घरं सोडून.
हा त्याचे पाय राखतो, तो याचे.
आणि चिखलाचं घर, जिथे एका पावलाला दोन पावलं लागतात,
ते फुकट मिळतं. ते कुणी बांधत नाही.
मला त्याची किंमत कळायला नको होती का?
जन्मभर खाजणाच्या काठावर राहून?

माघात भिवा आग्र्याबरोबर बांधावर गेलो,
आड्याच्या खाडीला.
कुर्ल्यांनी बिळं पाडलेली, चिखल थापत होतो.
मी म्हटलं, भिवाआबा, ही उघाडी कशाला ठेवायची,
बुजवून टाकू, एक काळजी कमी.
तो हसला नाही. कोपरापर्यंत चिखलात होता.
म्हणाला, बुजव की. मग आषाढात
शेतातलंच पाणी आतून बांध फोडील.
दर्याला दार ठेवावं,
पण ते त्याच्याच हातानं लागेल असं.
आणि फळी दाखवली: भरती चढली की
पाणीच तिला दाबून धरतं,
ओहोटीला आपोआप सुटते.

त्या रात्री तटातलं एक घर मी मोडलं.
चिखलाच्या तोंडाशी, दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात.
मुबीन आला. येणारच.
बुरुजाशेजारच्या घरात पाय टाकला की चाल तिथेच संपते,
हे त्यानेच मला शिकवलेलं.
सात चाली त्याचे भालेवाले त्या फटीत अडकून पडले.

मग तो तीन दिवस खेळलाच नाही.
चौथ्या दिवशी, पहाटे, चालीऐवजी मजकूर:
आमच्या वाट्याचा बांध कसा आहे?
पुनवेला उधाण म्हणतात.

त्याचं शेत माझ्या शेताला लागून.
बांध एकच, मधे नावापुरता दगड पुरलेला.
त्याच्या बाजूला सहा वर्षं कुणी माती टाकली नाही.
तिथून खारं पाणी शिरलं तर
ते दगड बघून थांबणार आहे थोडंच.

पुनवेला भिवाला उठवलं, दोन घमेली, एक बॅटरी.
मुबीनच्या वाट्यात गुडघाभर उभा राहून
बिळांत चिखल कोंबत गेलो.
समोर पाणी चढत होतं,
आवाज न करता, वेळापत्रकाप्रमाणे,
सहा तास त्याचे.
चार बोटं राहिली होती, तेव्हा ते थबकलं.
हरलं नाही. पाळी संपली, इतकंच.

कारखान्यात परतलो तर लाद्या गोठून तयार,
फोनवर लाल ठिपका:
तुमच्या चालीची वाट पाहत आहे.
चिखलाच्या बोटांना पडदा ओळखेना.
अंगठा पँटला पुसला आणि
एक शिपाई त्या मोडलेल्या घरामागे उभा केला.
मग लिहिलं, बांध आहे.
उद्या परत बघायला लागेल.
खेळ तू.